श्वास आणि वारं

माझा थोरला भाऊ विद्याधर गोरेगावात योगाचे वर्ग घ्यायचा, तेव्हा योग शिकणं ही काही मिरवायची गोष्ट नव्हती. आमच्या चाळीतले लोक त्याला 'मास्तरची कसरत' म्हणायचे. सकाळी नळावर दादा पितळी झारी घेऊन एका नाकपुडीतून पाणी घालायचा आणि दुसरीतून काढायचा, तेव्हा पोरं दात घासायची थांबून बघत उभी राहायची. दादाला त्याचं काही वाटायचं नाही. तो कुणावर चिडायचा नाही, कुणाला हसायचाही नाही फारसा. शांत माणूस. मला त्याचा फार अभिमान होता.

त्याला लहानपणी दमा होता. आम्ही तेव्हा लालबागला राहायचो, गिरण्यांच्या धुराखाली. माझ्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. मला आत्यानं वाढवलं आणि दादा खिडकीचे गज धरून धापा टाकत मोठा झाला. विशीत कुणीतरी त्याला लोणावळ्याकडे एका योगाश्रमात नेऊन सोडलं. तिथून तो परत आला तो वेगळाच होऊन. पाठ ताठ, आवाज हळू, आणि दमा गायब. वडील गेल्यावर हवा चांगली म्हणून आम्ही दोघं गोरेगाव पूर्वेला आलो. तिथं त्याला एका रंगाच्या कारखान्यात नोकरी मिळाली होती.

चाळ एडवर्डची. एडवर्ड आणि त्याची बायको आयरीन हे तिथलेच, जुन्या गावठाणातले ख्रिश्चन. मागं त्यांची भातशेती होती, शेतापलीकडे आरे कॉलनीचं गवत आणि त्यामागं डोंगर. मी पहाटे आरेच्या दूध केंद्रावर बाटल्या वाटायचे आणि मग कॉलेजला जायचे. त्या काळी बऱ्याच मुली असंच शिकल्या. काचेच्या बाटल्यांचा तो किणकिणाट आणि हाताला झोंबणारा गारवा अजून आठवतो.

दादाचा वर्ग एडवर्डच्या माडीवर भरायचा. पहिला विद्यार्थी एडवर्डच. "मास्तर, माझं पोट मध्ये येतं रे, त्याला आधी बाहेर ठेवून येऊ काय?" असं म्हणत तो वाकायचा. त्यानं चर्चमधल्या फादरना विचारून घेतलं होतं, की हे आपल्याला चालतं ना? फादर म्हणाले, श्वास घेण्यात कसलं पाप? मग आयरीनही यायला लागली.

अशा घरात वहिनी आली. रत्नप्रभा, कुडाळकडची. उंच, सावळी, हसली की सगळी चाळ हसायची. भात पाखडताना गाणी म्हणायची. दादा तिच्याकडे बघायचा तेव्हा त्याच्या त्या शांत चेहऱ्यावर जरा गडबड दिसायची आणि मला मजा वाटायची.

ती गोष्ट घडली सदुसष्ट साली, दिवाळीच्या सुमारास. भात कापून झालं होतं. आरेच्या पाड्यांवरचे वारली त्या दिवसांत खाली यायचे, तारपा वाजवत दारोदार नाचायचे आणि एडवर्डसारखे शेतकरी त्यांना सुपानं भात घालायचे. तारपा म्हणजे भोपळ्याचं लांब वाद्य, फुंकून वाजवायचं. रविवारची दुपार होती. एडवर्डच्या खळ्यावर नाच सुरू झाला. कमरेला हात घालून बायामाणसं गोल फिरत होती आणि मध्ये तारपेवाला.

दादा माझ्याशेजारी उभा होता. "मालन, त्याच्याकडे बघ," तो म्हणाला. "सूर तुटतच नाही. हा श्वास घेतो कधी? मी इतकी वर्षं प्राणायाम करतोय, मला हे जमणार नाही."

तो हे बोलत असतानाच पलीकडे आयरीनची हाक ऐकू आली. "अगं, हिला धर कुणीतरी!"

वहिनीचे केस सुटले होते. डोळे उघडे, पण बघत कुणाकडेच नव्हते. ती पुढं झुकत होती, मागं जात होती, तारप्याच्या तालावर. आणि मग तिच्या तोंडून जो आवाज आला तो तिचा नव्हता. जाड, म्हातारा, रागावलेला आवाज.

"माका हयसर कशाक हाडलास? माझी जागा खंय असा? सांगा! माझी जागा खंय असा?"

नाच थांबला. चाळीतल्या बायकांनी हात जोडले. दादा जागचा हलला नाही. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता.

वारल्यांमधून एक म्हातारा पुढं आला. बारीक अंगाचा, लंगोटी, वर कुणीतरी दिलेला खाकी कोट. तो त्यांच्या पाड्याचा भगत होता, चैत्या. घाई न करता तो वहिनीसमोर जाऊन उभा राहिला, ओळखीच्या माणसाशी बोलावं तसा.

"कोन तू बाय? कुठनं आलीस?"

"लांबसून इलंय. माका जागा नाय."

"जागा हाय," चैत्या म्हणाला. "डोंगरावर लय जागा हाय. आमचे देव बसतात तिथं तू बी बस. आता जा. पोरीला दम लागलाय."

त्यानं तिच्या डोक्यावर चार दाणे ठेवले, कपाळाला पाणी लावलं. वहिनी आयरीनच्या खांद्यावर कोसळली. जागी झाली तेव्हा आधी पदर सावरला आणि मग दादाकडे बघितलं. त्या नजरेत इतकी भीती होती की मीच मान फिरवली.

संध्याकाळी घरात तिघंच होतो. वहिनी खाली बघत बोलत होती. "आमच्या घराण्यात ह्यां पयल्यापासून असा. माझ्या आजयेच्या अंगार येय. गावातले अडलेनडलेले तिला विचारायला यायचे. आजी गेल्यावर ती देवी माझ्याकडे आली. बाबा म्हणाले, मुंबैत शिकलेल्या घरात देतोय, तोंडातून काढू नको."

दादानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं असं मला आता वाटतं. तो समजावून सांगायला लागला. मन अस्थिर झालं की असं होतं. मनावर ताबा नसला की ते कुठंही वाहत जातं. योग म्हणजे नेमकं हेच थांबवणं. "तुझा दोष नाही, रत्ना. मी शिकवतो तुला. बंद होईल हे."

"बंद?" वहिनीनं विचारलं.

"पूर्ण बंद."

ती शिकली. आणि काय शिकली! माडीवर सगळ्यांच्या मागं बसायची, डोळे मिटले की पुतळ्यासारखी. चिमण्या तिच्या पायाशी येऊन दाणे टिपायच्या. दादा वर्गात सांगायचा, स्थिरता बघायची असेल तर हिच्याकडे बघा. पुढच्या दिवाळीला तारपा आला तेव्हा दादानं तिला मुद्दाम खळ्यावर नेलं. ती सरळ उभी राहिली. काही झालं नाही. दादाला केवढा आनंद झाला!

पण तिचं गाणं गेलं होतं. ते माझ्या लक्षात आलं तोवर बरेच महिने उलटले होते. आमटीत मीठ घालायची विसरायची, नाहीतर दोनदा घालायची. डोकं धरून बसायची. हसायची, पण कुणी हसलं म्हणून. एकदा विहिरीवर कपडे धुताना मी विचारलं, "वहिनी, बरं नाही का गं?"

तिनं पिळा तसाच हातात धरला. "मालन, आतून कोणतरी दार वाजवतंय. आणि मी कडी लावून बसलंय. किती दिवस बसू?"

मी तिच्या हातातला पिळा घेतला. मग तिनंच विचारलं, "त्या भगताचं घर तुला ठाऊक आहे?"

आम्ही रविवारी दुपारी गेलो. आरेच्या रस्त्यानं तबेले मागं टाकले, मग पायवाट. गवत डोक्याइतकं उंच आणि त्यात वारा शिरला की समुद्रासारखा आवाज. चैत्या आरेच्या गवतकापणीवर कामाला जायचा. रविवारी घरी असायचा. कुडाचं, शेणानं सारवलेलं घर. त्यानं वहिनीला ओळखलं. बसायला सांगून सुपात तांदूळ घेतले, चिमटीनं टाकले, बोटानं इकडेतिकडे सारले.

"ती रागावली न्हाई," तो म्हणाला. "उभी हाय दाराशी."

"माझा नवरा म्हणतो, ती येते हेच वाईट."

"येते त्याचं काय वाईट? तुला तिला धाडता येत न्हाई, ते वाईट. मला बी येत नव्हतं. पोर होतो तवा वारं आलं आन् मी चुलीत पडलो." त्यानं कोटाची बाही वर करून भाजल्याचा जुना डाग दाखवला. "मग गुरू केला. त्यानं आधी काय शिकवलं? परत यायचं. जायचं मागनं."

वहिनी शिकायला जायला लागली आणि सोबतीला मी. दादाला आम्ही सांगायचो की आयरीनच्या शेतावर जातो. आयरीनला सगळं माहीत होतं. ती म्हणायची, "आमची आजीपण काय झालं की वांद्र्याला मोत मावलीकडे जायची पायी. बाईला कुठंतरी जायला लागतं गं."

मला वाटलं होतं तिथं नुसतं घुमणं असेल. तसं नव्हतं. उपास होते, पाळायचे दिवस होते, खायचं काय आणि नाही काय याचे नियम होते. बसायचं कसं, श्वास कुठं लांबवायचा, कुठल्या नावानं बोलवायचं आणि कुठल्या शब्दानं निरोप द्यायचा. एका ऐनाच्या झाडाखाली त्यांचे देव होते. हिरवा, हिमाय, दगडावर कोरलेला वाघोबा. त्यांच्या कडेला चैत्यानं वहिनीच्या देवीसाठी एक गोल दगड ठेवला, शेंदूर लावला. कुडाळची देवी गोरेगावच्या डोंगरावर बसली.

"हे दादा शिकवतो तसंच आहे की," मी एकदा परतताना म्हटलं.

वहिनी विचार करून म्हणाली, "तसंच. घर झाडायचं, सारवायचं, स्वच्छ करायचं. घर स्वच्छ झालं की हे स्वस्थ बसतात. आणि आम्ही पाहुणीची वाट बघतो."

ती पुन्हा गाणं म्हणायला लागली होती.

फुटायचं ते एडवर्डच्या तोंडूनच फुटलं. त्याच्या मनात काही नव्हतं बिचाऱ्याच्या. शीर्षासन सोडून खाली येता येता म्हणाला, "मास्तर, तुझी बायको पाड्यावर झकास रमते हां. चैत्या सांगत होता."

दादा घरी येऊन एवढंच म्हणाला, "या रविवारी मीपण येतो." बाकीचे दिवस त्या घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

आम्ही गेलो तेव्हा चैत्याच्या अंगणात पाड्यातली माणसं जमली होती. एक तरणा गडी भिंतीला टेकून बसला होता. त्याचा भाऊ साप चावून मेला होता आणि त्या दिवसापासून त्यानं खाणं सोडलं होतं. नजर मेलेली. दादा बाजूला, हाताची घडी घालून उभा राहिला.

चैत्या बसला. भोपळ्याची तारांची घांगळी एकजण वाजवायला लागला, खाली एकसुरी खर्ज. हळूहळू चैत्याचे खांदे थरथरले, मग सगळं अंग. आणि तो बोलायला लागला, वाट चालणाऱ्या माणसासारखा. कान्हेरीचा डोंगर चढलो. येऊरचं रान ओलांडलं. खाडी आली, खाडी उतरलो. तुंगारचा डोंगर. तिथनं पुढं, पुढं, डहाणूच्या महालक्ष्मीच्या गडापर्यंत. तिथं तो कुणापुढं तरी हात पसरून गयावया करत होता. या पोराचं जे भावाच्या मागं गेलंय ते परत दे. तो मेला, हा मेला नाही. मग परतीची वाट, तेच डोंगर उलटे. आला, धापा टाकत ओंजळ त्या गड्याच्या छातीला लावली आणि आडवा पडला.

तरणा गडी ओक्साबोक्शी रडला. त्याच्या आईनं पेजेचं भांडं पुढं केलं, त्यानं दोन घोट घेतले. चैत्या पडल्या पडल्याच म्हणाला, "उद्या दवाखान्यात बी न्या त्याला. लय अशक्त झालाय."

लोक पांगले. दादाची हाताची घडी सुटली होती. तो चैत्याजवळ जाऊन बसला.

"तुम्ही खरंच तिथं गेला होतात?"

"मग? पाय बघ माझे, कसे भरून आलेत." चैत्या उठून बसला. "तू ती कसरत करतोस ना माडीवर? तू कुठं जातोस?"

"मी कुठंच जात नाही. बसतो. श्वास संथ होतो, विचार गळतात. शेवटी काही उरत नाही."

"मग?"

"मग काही नाही. तेच. ती शांतता."

"आन् घरला काय आणतोस?"

दादानं मांडी बदलली. नंतर म्हणाला, "आमच्या वाटेवर सांगतात, असं काही भेटलं, दिसलं, ऐकू आलं, तरी तिकडे वळू नये. पुढं चालत राहावं."

"वाटेत भेटल्याशी बोलायचं न्हाई?"

"प्रत्येकाच्या ओट्यावर बसलात तर पोचणार कधी?"

चैत्यानं डोकं खाजवलं. "ते बी हाय," तो म्हणाला. "मी काय पोचलो न्हाई कुठं. रोज जातो, रोज परत येतो. लोकांची कामं. आता तर वारं उतरलं तरी अंग थांबत न्हाई, झोप येत न्हाई. म्हातारा झालो." आणि मग अगदी सहज, "ते गप पडायचं मला शिकव की."

दादानं त्याला तिथंच अंगणात शवासन शिकवलं. पायाची बोटं सैल, पोटऱ्या सैल, मांड्या सैल. कमरेपर्यंत पोचेतो चैत्या घोरायला लागला. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. दादाही हसला. खूप महिन्यांनी.

त्यानंतर भांडण मिटलं असं नाही. दादाला वहिनीचं वारं पटलं कधीच नाही. पण त्यानं तिला अडवलं नाही. रविवारी तोही पाड्यावर यायचा. आत घांगळी वाजायची आणि दादा अंगणापलीकडे एका कातळावर डोळे मिटून बसायचा. दोघं ओट्यावरच्या म्हाताऱ्यांसारखे वाद घालायचे, चैत्या आणि तो. मरताना काय होतं, देव बाहेर की आत. चैत्या म्हणायचा, बाहेर. दादा म्हणायचा, आत. मग गवती चहा यायचा.

एकाहत्तरच्या थंडीत दादाचा दमा परत आला.

आधी त्यानं कुणाला कळू दिलं नाही. मग वर्गात श्लोक म्हणता म्हणता खोकला आला आणि थांबेना. कारखान्यातल्या रंगाची वाफ, डॉक्टर म्हणाले. गोळ्या दिल्या, जोर झाला की इंजेक्शन. पण दादाला लागलं ते दुसरंच. "ज्याला स्वतःचा श्वास धरता येत नाही तो लोकांना काय शिकवणार?" त्यानं वर्ग बंद केला. एडवर्ड दोनदा येऊन गेला. "अरे मास्तर, तू नुसता खुर्चीवर बस ना यार, आम्ही करतो." दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

प्राणायाम करायला बसायचा, श्वास अर्ध्यावर अडायचा, उठून जायचा. मी त्याला इतका हताश कधी बघितला नव्हता. माझा भाऊ म्हणजे माझ्या लेखी भिंत होती, आणि भिंतीला ओल धरली होती.

एका दुपारी वहिनी न्हाऊन, केस मोकळे सोडून त्याच्या खाटेशी बसली. "एक विचारू?"

"हं."

"मी तुम्हाला काही सांगणार नाही. मला काही येत पण नाही तुमच्यातलं. पण तिला विचारू का?"

मी दाराशी भाजी निवडत होते. मला वाटलं, आता दादा चिडणार. तो उठून बसला, उशांना टेकून, छातीतून शिट्टी वाजत होती.

"विचार," तो म्हणाला. "मालन, तू थांब इथंच."

या वेळी काही कोसळलं नाही, किंचाळलं नाही. वहिनीनं डोळे मिटले, श्वास लांबवला. दादानंच शिकवलेला. मग हळूच तिची मान डोलायला लागली. चेहरा बदलला. ओठ जाड झाले, गालफडं बसली. जाड, म्हातारा आवाज आला, पण रागावलेला नव्हता.

"बाबा," तो आवाज म्हणाला, "श्वास धरून बसलंस तो कोणासाठी?"

दादानं काहीतरी शास्त्रातलं बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं.

"कोणासाठी?"

"आईसाठी," दादा म्हणाला.

दादाच बोलत राहिला, तुटक तुटक, मध्येमध्ये धाप. आई गेली त्या दिवशी तो खिडकीशी होता. त्याला हुंदका आला तेव्हा आत्यानं येऊन तोंडावर हात ठेवला. रडू नको, रडलास तर दम लागेल, तू पण जाशील, मग या तान्हीला कोण? तान्ही म्हणजे मी. म्हणून तो रडला नाही. हुंदका आला की श्वास धरायचा. पुढं आश्रमात गुरुजींनी श्वास रोखायचं कुंभक शिकवलं तेव्हा ते म्हणाले, तुला आधीच येतंय की रे.

मला हे काहीच माहीत नव्हतं. आत्यानं कधी सांगितलं नव्हतं. आई माझ्यामुळं गेली ही टोचणी मला लहानपणापासून होती, आणि दादा माझ्याशी इतका शांत असतो तो मनातला राग दाबून, असंही मी कधीकधी धरून चालायचे. भाजीचं ताट माझ्या मांडीवरून कधी घसरलं कळलं नाही.

"मग आता सोड," तो आवाज म्हणाला. "तान्ही मोठी झाली. बघ तिच्याकडे."

दादानं माझ्याकडे बघितलं आणि रडला. एक पस्तिशीतला माणूस, बारा वर्षांच्या पोरासारखा, भेसूर, नाक गळत. दम लागला. मी धावत जाऊन पाठ धरली, गोळी दिली. तो मेला नाही. रडला, थांबला, परत रडला. वहिनी तोवर भानावर आली होती आणि घामानं डबडबून त्याचे पाय चोळत होती.

"काय म्हणाली ती?" तिनं विचारलं. तिला खरंच कधी काही आठवायचं नाही.

"तुझ्याबद्दल काही नाही," दादा म्हणाला. आणि नाक पुसत, "बरं बोलते म्हातारी."

दमा बरा झाला नाही. हे स्पष्ट सांगते, कारण नंतर चाळीत भलत्याच गोष्टी पसरल्या. गोळ्या त्यानं शेवटपर्यंत घेतल्या, कारखान्यातलं खातं बदलून घेतलं. पण वर्ग पुन्हा सुरू झाला. एडवर्डच्या खुर्चीवर बसून, खोकत, गोळ्या जवळ ठेवून. पूर्वी तो शिकवताना फार काटेकोर असायचा. आता चुकायचा, हसायचा, आणि कुणाला शवासनात रडू आलं तर पूर्वीसारखं 'मन आवरा' म्हणायचा नाही. पडू द्यायचा. लोक वाढले. जोगेश्वरी-कांदिवलीहून यायला लागले.

एकदा आयरीननं त्याला सरळ विचारलं, "मास्तर, खरं सांग. तुझं बरोबर की तुझ्या बायकोचं?"

"मला अजून ते बसणंच खरं वाटतं," दादा म्हणाला. "पण त्या दिवशी मी नुसता बसून असतो तर ते मला कधी सापडलं नसतं. आणि इतकी वर्षं बसलो नसतो, तर सापडल्यावर सोसलं नसतं. आता यातून काय काढायचं ते तू काढ."

"मी कशाला काढू?" आयरीन म्हणाली. "मला गुडघ्यासाठी काहीतरी सांग."

चैत्या चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात गेला. झोपेत. दादाला त्याचं फार बरं वाटलं, त्याला झोप लागावी म्हणून इतकी खटपट केली होती ना. पाड्यातल्या लोकांनी वहिनीला बोलावलं, भगताची जागा कुणी घ्यायची ते ठरवायला. ती जागा त्याच्या पुतणीच्या नवऱ्याकडे गेली. वहिनी फक्त आपल्या दगडाशी बसायची. चाळीतल्या, गावठाणातल्या बाया तिला विचारायला यायच्या. कधी ती देवीला बोलवायची, कधी म्हणायची, "आज नको गं, आज डाळ शिजवायची आहे." कुणाला आधी डॉक्टरकडे धाडायची. तीच चैत्याची सवय.

पंच्याहत्तर साली माझं लग्न ठरलं, मुलुंडला. नवरा श्यामसुंदर. ते मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे आणि त्यांना दोन्हीपैकी कशातच रस नव्हता. लग्नाच्या आधीच्या रविवारी आम्ही तिघं डोंगरावर गेलो. वहिनीनं दगडाला नारळ वाढवला. दादा कातळावर बसला. मी मात्र त्या दिवशी इकडेही बसले नाही आणि तिकडेही. गवतात आडवी पडून नुसती वर बघत होते. आता तिथं स्टुडिओ आहे, उंच भिंती आहेत, पाड्याकडे जायची वाट विचारत जावी लागते. एडवर्डची चाळ आणि शेत कधीच गेलं. दादा नाही, वहिनीही नाही. पण ते गवत, तो वारा आणि उन्हानं तापलेल्या मातीचा तो वास, हे माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकलेलं नाही.

त्या रविवारी उतरताना वहिनीच्या पायात काटा मोडला. ती दादाच्या खांद्यावर हात ठेवून एका पायावर उभी राहिली, आणि तो खाली वाकून, धाप लागत असताना, चष्मा वरखाली करत तो काटा शोधायला लागला.

"दिसत नाही तर कशाला करता?" वहिनी म्हणाली. "मालनला सांगा."

"हलू नकोस गं. स्थिर राहा."

"स्थिरच आहे मी. तुमचाच हात हलतोय."

दोघं भांडत होते. मी थांबले नाही. पायवाटेनं हळूहळू खाली उतरत राहिले, त्यांचे आवाज मागून येत होते तोवर.